मनुष्यऋण

घर, गाव आणि मुलूख यांना मुकलेला मनुष्य परक्या वेशीपाशी येऊन उभा राहिला म्हणजे त्याला आत घेण्याचे कर्तव्य नेमके कोणाचे, आणि ते कर्तव्य कोणत्या स्वरूपाचे, हा प्रश्न धर्मविचाराइतकाच प्राचीन आहे. परंतु आपल्या काळात तो जवळजवळ सर्वस्वी कचेऱ्यांच्या स्वाधीन झाला आहे. सरहद्दीवरची चौकी, तेथील अंमलदार, अर्ज, जबानी, दाखले, परवाना आणि कित्येकदा वर्षानुवर्षे लांबणारा निकाल अशा दीर्घ मालिकेतून निर्वासिताला जावे लागते. आणि ज्या गल्लीत वा ज्या खेड्यात तो अखेर राहावयाचा असतो, तेथील रहिवाशांना मात्र वाटत राहते की हा सगळा सरकारदरबारचा मामला असून आपला त्याच्याशी संबंध असलाच, तर तो दयेपुरता आहे. कायदा आणि दया यांच्यापलीकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती ऋणाची आहे. आश्रय देणे हे राजाने दाखवावयाचे औदार्य नव्हे, ते शेजाऱ्याने फेडावयाचे देणे आहे, असे मला येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

कायद्याने या बाबतीत जे साधले ते थोडे नाही. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी घोषित केलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, चौदाव्या कलमान्वये, छळामुळे परागंदा झालेल्या प्रत्येकाला अन्य देशांत आश्रय मागण्याचा आणि त्याचा उपभोग घेण्याचा हक्क मान्य करण्यात आला. आणि १९५१ सालच्या निर्वासितविषयक करारनाम्याने, ज्या ठिकाणी त्याच्या जीविताला वा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे त्याला परत धाडू नये, असे बंधन सह्या करणाऱ्या राष्ट्रांवर घातले. या राष्ट्रांत आपला देश नाही. परंतु ज्यांनी सही केली त्यांच्यापुरतेही पाहिले, तरी आश्रय मागण्याचा हक्क स्पष्ट असून तो देण्याचे कर्तव्य कोणाचे, याविषयी जाहीरनामा मौन पाळतो. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने शाश्वत शांततेवरील आपल्या १७९५ सालच्या निबंधात हा प्रश्न पुष्कळच पुढे नेला होता. परक्याचे स्वागत हा परोपकाराचा विषय नाही, तो अधिकाराचा विषय आहे, आणि परत लावल्याने ज्याचा नाश ओढवेल त्याला परत लावता येणार नाही, असे त्याने निःसंदिग्धपणे सांगितले. मात्र हा अधिकार त्याने भेटीपुरता मर्यादित ठेवला, आणि वास्तव्यासाठी निराळा करार हवा असे म्हणून तो थांबला.

कांट जेथे थांबला तेथूनच निर्वासिताचे खरे दुःख सुरू होते. हॅना आरेंट या विदुषी स्वतः जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू होत्या, आणि १९४० साली फ्रान्समधील गूर्सच्या छावणीत त्यांनी स्थानबद्धता सोसली होती. सर्वंकष सत्तेच्या उगमावरील १९५१ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की निर्वासित अमुक एखादा हक्क गमावतो असे नव्हे. ज्या समाजात आपल्या शब्दाला ऐकणारा आणि आपल्या कृतीला साक्षी असतो, तो समाजच तो गमावतो, आणि ते स्थान गेल्यावर उरलेले सगळे हक्क कागदावर राहतात. हे निदान खरे असेल, तर उपायही त्याच्या अनुरोधाने शोधावा लागेल. सरकार दाखला देऊ शकते, शिधा देऊ शकते, छावणीत छप्पर देऊ शकते. परंतु ज्याच्या अनुपस्थितीची कोणाला तरी उणीव भासेल असे स्थान मनुष्याला देण्याचे सामर्थ्य कोणत्याही फर्मानात नाही. ते सामर्थ्य शेजाऱ्यांतच असते, आणि ज्याच्या ठायी सामर्थ्य त्याच्या ठायी उत्तरदायित्वही येते.

आपल्या परंपरेत या उत्तरदायित्वाचा फार जुना उच्चार आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना परिचित आहेत. परंतु शतपथ ब्राह्मणाच्या पहिल्या कांडात चौथेही एक ऋण सांगितले आहे, ते मनुष्यांचे. यज्ञाने देवांचे, अध्ययनाने ऋषींचे, संततीने पितरांचे ऋण फिटते, आणि माणसांना निवारा व अन्न दिल्याने मनुष्यऋण फिटते, असा त्या विवेचनाचा आशय आहे. या विचाराने देणाऱ्याघेणाऱ्यांचे स्थान पालटून जाते. दाराशी आलेला निराधार मनुष्य याचक राहत नाही, तो धनको ठरतो. आणि घरात बसलेला, धान्याच्या कोठारांचा आणि सात-बाऱ्याच्या उताऱ्याचा स्वामी असलेला गृहस्थ जन्मतःच ऋणको ठरतो. ऋण फेडणाऱ्याला उपकाराचा अभिमान बाळगता येत नाही; आणि दुसऱ्याच्या थैलीतून आपले ऋण फेडल्याचे समाधानही त्याला मानता येत नाही.

ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि तिचे मर्म वनपर्वातील ससाण्याच्या आणि कपोताच्या आख्यानात सापडते. हे आख्यान कोठे उशीनर राजाच्या, तर कोठे त्याचा पुत्र शिबी याच्या नावाने येते. भयभीत कपोत राजाच्या मांडीवर येऊन पडतो, पाठलाग करणारा ससाणा आपले भक्ष्य मागतो, आणि राजा शरणागताला सोडण्याचे नाकारतो, एवढाच भाग आपण बहुधा लक्षात ठेवतो; ससाण्याचा युक्तिवाद मात्र विसरून जातो. तो म्हणतो की हे माझे विहित अन्न आहे, ते तू हिरावलेस तर मी मरेन आणि माझ्यामागे माझी बायकामुले मरतील. एकाला वाचवण्यासाठी अनेकांना मारणारा आणि दुसऱ्या धर्माला बाधा आणणारा धर्म हा धर्मच नव्हे. राजा या युक्तिवादाला खोटा ठरवीत नाही. तो तराजू मागवतो आणि कपोताच्या भारंभार आपल्या देहाचे मांस कापून घालू लागतो. कपोताचे पारडे जड होत जाते, आणि अखेरीस राजा स्वतःच दुसऱ्या पारड्यात चढतो. या कथेने घालून दिलेली कसोटी अशी की अभय देणाऱ्याने त्याचे मोल आपल्या देहातून द्यावे, तिसऱ्याच्या नव्हे. एखादे सरकार राजधानीतून औदार्याची घोषणा करते आणि निर्वासितांना नेऊन वसवते ते गरिबांच्या वस्तीत, जेथे घरभाडे आधीच परवडेनासे झालेले आहे आणि रोजंदारीला आधीच चढाओढ आहे. अशा वेळी त्या वस्तीतून उठणारी तक्रार ससाण्याच्या तक्रारीच्या जातीची असते, आणि तिला केवळ द्वेष म्हणून झटकून टाकणे हा अन्याय होईल. तिचे उत्तर एकच आहे: ज्यांना अभय द्यावयाचे आहे त्यांनी स्वतः तराजूत उतरावे.

असे स्वतः उतरलेले एक गाव गेल्या शतकात होऊन गेले. फ्रान्सच्या मध्य-दक्षिण भागात सुमारे एक हजार मीटर उंचीच्या पठारावर ल शाँबों-सूर-लिन्यों नावाचे खेडे आहे. तेथील बहुसंख्य शेतकरी ह्यूगनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट पंथाचे. १६८५ साली चौदाव्या लुईने या पंथाला असलेले संरक्षण रद्द केले तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी याच डोंगरांत लपूनछपून आपली उपासना जतन केली होती. जून १९४० मध्ये फ्रान्सने शरणागती पत्करली आणि तहावर सह्या झाल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तेथील धर्मोपदेशक आंद्रे त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी एद्वार तेइस यांनी आपल्या मंडळींना सांगितले की आपल्या सदसद्विवेकावर जी जबरदस्ती होईल तिचा प्रतिकार आत्मिक शस्त्रांनी करणे हे ख्रिस्तानुयायांचे कर्तव्य आहे. पुढील चार वर्षे हे गाव आणि आसपासच्या वाड्या यांनी हजारो निर्वासितांना, ज्यांत पुष्कळशी ज्यू मुले होती, आपल्या घरांत, गोठ्यांत, शाळांत आणि वसतिगृहांत ठेवले, त्यांच्यासाठी खोटे दाखले तयार केले, आणि त्यांतल्या काहींना स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत पोहोचते केले.

या कार्याचा आरंभ कोणत्याही ठरावाने झाला नाही. १९४०-४१ च्या हिवाळ्यात एका सायंकाळी जर्मनीहून पळून आलेल्या एका ज्यू स्त्रीने धर्मोपदेशकांच्या दारावर थाप मारली. आंद्रे यांच्या पत्नी माग्दा यांनी तिला आत घेतले, जेवू घातले, आणि तिच्यासाठी काही कागदपत्रांची तजवीज व्हावी म्हणून त्या गावाच्या महापौराकडे गेल्या. महापौराने नकार दिला. एका परकीय स्त्रीसाठी सगळ्या गावाला संकटात लोटावयाचे काय, असा त्याचा सवाल होता, आणि पदाधिकारी या नात्याने तो निराधार नव्हता. त्या दिवसापासून माग्दा यांनी कचेरीची पायरी चढण्याचे सोडले आणि शेजारणीची पायरी धरली. निर्वासितांना कोठे ठेवले आहे हे एकमेकांना सांगावयाचे नाही, असा संकेत घराघरांत आपोआप रूढ झाला, आणि बायबलच्या वाचनासाठी एकत्र जमणारी लहान लहान मंडळे हीच या कार्याची यंत्रणा बनली. ऑगस्ट १९४२ मध्ये सरकारचे एक मंत्री गावात आले असता विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती पत्र देऊन बजावले की ज्यू आणि ज्यूतर असा भेद आम्ही मानत नाही आणि पकडून नेण्याचा हुकूम निघालाच, तर आम्ही त्यांना लपवू. थोड्याच दिवसांत पोलीस बसगाड्या घेऊन आले. त्रोक्मे यांच्याकडे त्यांनी नावांची यादी मागितली, ती त्यांना मिळाली नाही, आणि गाड्या जवळजवळ रिकाम्याच परतल्या.

या मंडळींच्या समोर धर्मग्रंथातील शरणनगरांची कल्पना होती. जुन्या करारात अशी सहा नगरे नेमून दिली आहेत, आणि निरपराध रक्त आपल्या भूमीत सांडू नये म्हणून पळून आलेल्याला तेथे थारा द्यावा असे सांगितले आहे. विशेष हे की हे काम राजावर सोपवलेले नाही. वेशीत बसणाऱ्या गावच्या वडीलधाऱ्यांनी त्याचे म्हणणे ऐकावे, त्याला आत घ्यावे आणि आपल्यामध्ये जागा द्यावी, अशी आज्ञा आहे. मोल मात्र येथेही द्यावे लागले. जून १९४३ मध्ये गेस्टापोने एका वसतिगृहावर छापा घातला, तेव्हा त्याचे प्रमुख आणि आंद्रे यांचे नातलग असलेले तरुण शिक्षक दानिएल त्रोक्मे दुसऱ्या घरी होते. त्यांना निसटण्याची संधी होती, ती नाकारून ते आपल्या विद्यार्थ्यांजवळ आले, त्यांच्याबरोबर पकडले गेले, आणि १९४४ साली मायदानेकच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. युद्धानंतर या गावकऱ्यांचा गौरव होऊ लागला, तेव्हा त्यांना तो अनाठायी वाटला. दारात माणूस उभा असता दुसरे काय करावयाचे, असा त्यांचा साधा प्रश्न असे. ऋण फेडणाऱ्याची वृत्ती अशीच असते.

युद्धकाळातील वीरवृत्ती शांततेच्या दिवसांत कशी टिकावी, अशी शंका येथे रास्त आहे, आणि कॅनडाचा अनुभव तिचे समाधान करणारा आहे. मे १९३९ मध्ये ‘सेंट लुईस’ नावाचे जहाज ९३७ प्रवासी घेऊन हँबुर्गहून निघाले होते. हे प्रवासी जवळजवळ सगळे ज्यू होते, आणि क्युबा, अमेरिका व कॅनडा यांपैकी कोणीच थारा न दिल्यामुळे त्यांना युरोपात परतावे लागले. त्यांतले २५४ जण पुढे नाझींच्या संहारात बळी पडले. त्या काळातील कॅनडाच्या धोरणाचा अभ्यास आयर्व्हिंग अबेला आणि हॅरल्ड ट्रोपर या दोन इतिहासकारांनी केला, आणि १९७९ साली त्यांचे लेखन हस्तलिखित स्थितीतच इमिग्रेशन खात्याचे मंत्री रॉन अॅटकी यांच्या वाचनात आले. त्या वेळी व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया येथून पळालेली माणसे होड्यांतून समुद्रात भटकत होती. इतिहासाने आपली नोंद पुन्हा तशीच करावी काय, हा प्रश्न मंत्र्यांसमोर उभा राहिला, आणि जुलैमध्ये सरकारने पन्नास हजारांना घेण्याचे जाहीर केले.

परंतु ज्या तजविजीमुळे हा आकडा प्रत्यक्षात उतरला ती सामान्य नागरिकांच्या हाती होती. १९७८ साली अमलात आलेल्या कायद्याने अशी सोय केली होती की पाच वा अधिक नागरिकांनी, अथवा एखाद्या चर्चच्या मंडळीने एकत्र येऊन एका निर्वासित कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी पत्करावी. घराचे भाडे, अन्नवस्त्र, हिवाळ्याचे जाड कपडे, मुलांचा शाळाप्रवेश, दवाखाना, भाषेची शिकवणी आणि नोकरीचा शोध, हे सर्व त्यांनी पाहावे. अशी हमी देण्यास संस्था म्हणून सर्वांआधी पुढे आले ते मेनोनाइट पंथाचे लोक, मार्च १९७९ मध्ये. १९२० च्या दशकात या पंथाची सुमारे वीस हजार माणसे सोव्हिएत रशियातून पळून कॅनडात आली होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. टोरांटोमध्ये हॉवर्ड अॅडेलमन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्या घरी शेजारी जमले आणि त्यातून ‘ऑपरेशन लाइफलाइन’ ही चळवळ उभी राहिली. ओटावाच्या महापौर मॅरियन ड्यूअर यांनी आपल्या शहराने चार हजारांना सामावून घ्यावे असा संकल्प सोडला. १९८० अखेर साठ हजार निर्वासित कॅनडात आले होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची हमी नागरिकांच्या अशा मंडळ्यांनी घेतली होती. १९८६ साली निर्वासितांच्या सेवेसाठी दिले जाणारे नान्सेन पदक कॅनडाच्या एखाद्या नेत्याला न देता तेथील जनतेला देण्यात आले, ते योग्यच झाले. ल शाँबोंमध्ये जे जिवाच्या मोलाने झाले ते येथे वेळेच्या, पैशाच्या आणि सुट्टीच्या दिवसांच्या मोलाने झाले. परंतु तराजूत उतरण्याचे तत्त्व तेच होते.

या विचारावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला रामायणातल्या सुग्रीवाचा. रावणाचा भाऊ शत्रूच्या गोटातून येऊन आश्रय मागतो, तेव्हा हा हेर नसेल कशावरून, असे सुग्रीव विचारतो. आजचे गृहखातेही हेच विचारते. रामाने हा प्रश्न अप्रस्तुत मानला नाही. त्याने सर्वांची मते ऐकली, हनुमंताने विभीषणाविषयी दिलेला अभिप्राय ऐकला, आणि मग एकदा जरी कोणी शरण आला तरी त्याला अभय देणे हे आपले व्रत आहे, असा निर्णय दिला. त्याने दाखला दिला तोही आपल्या वैऱ्याला स्वतःचे मांस देऊन तृप्त करणाऱ्या कपोताचाच. चौकशीला स्थान आहे, आणि ती सरकारने करावी. परंतु चौकशी हे दार बंद ठेवण्याचे निमित्त होऊ लागले, की सुग्रीवाची सावधगिरी उरते आणि रामाचे व्रत लोपते. याच्या उलट बाजूचा धोकाही कॅनडाने पाहिला. नागरिकांचा उत्साह वाढलेला पाहून डिसेंबर १९७९ मध्ये सरकारने त्यांच्या बरोबरीने आपला वाटा उचलण्याचे धोरण सोडले, आणि आपण सरकारच्या बदली नव्हे तर सरकारहून अधिक म्हणून पुढे आलो होतो, या भावनेने अनेक मंडळ्या दुखावल्या. शेजाऱ्याच्या ऋणाने राज्याचे कर्तव्य फिटत नाही. दोन्ही खाती स्वतंत्र आहेत.

दुसरा आक्षेप अधिक मर्मी आहे. ज्या समाजाच्या निकटतेवर आपण ही सगळी भिस्त ठेवतो, तीच निकटता माणसाला बाहेरही काढते. आळंदीच्या चार भावंडांची हकीकत महाराष्ट्राने विसरू नये. संन्याशाची मुले म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले, आणि परंपरा सांगते की शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले. दाखल्यावाचून माणसाला माणूस न मानण्याची रीत काही आधुनिक कचेऱ्यांनी शोधून काढलेली नाही. ती गावानेच त्यांना शिकवली आहे. म्हणून गाव लहान आहे, माणसे एकमेकांना ओळखतात, एवढ्याने ते शरणनगर होत नाही. आपण कधी काळी वेशीबाहेर उभे होतो याची आठवण जतन करणारे गावच शरणनगर होते. ल शाँबोंच्या ह्यूगनोंपाशी आणि कॅनडाच्या मेनोनाइटांपाशी ती होती. आळंदीच्या मुलांपाशीही ती होती, आणि म्हणूनच त्यांच्यातल्या एकाने पुढे जे मागितले ते सगळ्या विश्वासाठी मागितले. वाळीत टाकणाऱ्या गावाविषयी आकसाचा एक शब्दही त्यात नाही.

येथे शेवटचा आणि सर्वांत नाजूक प्रश्न येतो तो कृतज्ञतेचा. आश्रय देणाऱ्याला, तो कितीही सद्भावनेने वागला तरी, पाहुण्याने आपले आभार मानावेत, आपल्यासारखे वागावे, आपल्या चर्चमध्ये वा आपल्या देवळात यावे, अशी सूक्ष्म अपेक्षा असते. आणि वर्षानुवर्षे कोणाचे तरी मिंधे राहण्याइतके आत्मसन्मानाला घातक दुसरे काही नाही. ऋणविचाराने याही गाठीची उकल होते. पितृऋण आपण पितरांना परत करीत नाही, ते संततीला देतो. ऋषिऋण ऋषींना परत करीत नाही, ते अध्ययन करून पुढच्या पिढीला देतो. मनुष्यऋणाचाही मार्ग तोच असला पाहिजे. ज्याने आपल्याला थारा दिला त्याच्यापाशी ते फिटत नाही, ते पुढे येणाऱ्यापाशी फिटते. १९७९ साली होड्यांतून आलेल्या व्हिएतनामी कुटुंबांपैकी कित्येकांनी २०१५ नंतर सीरियातून आलेल्या कुटुंबांची हमी घेतली, ती याच न्यायाने. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, सोव्हिएत हद्दपारीतून सुटून येऊन राहिली होती. त्यांच्या खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारने उचलला असला तरी भूमी, पाणी आणि शेजार करवीरचा होता. ती माणसे निघून गेली आणि त्याच छावणीत फाळणीने उखडलेले सिंधी बांधव वसले. आज तेथे गांधीनगरची भरभराटलेली व्यापारपेठ आहे. त्या भूमीने आपले ऋण एकदा फेडले आणि लगेच पुन्हा फेडले, आणि ज्यांना तेथे थारा मिळाला त्यांच्याकडे ते आता पुढे गेले आहे.

म्हणून निर्वासितांच्या बाजूने गावोगाव, मोहल्लोमोहल्ली काम करणाऱ्या मंडळींकडे केवळ परोपकारी म्हणून पाहू नये. जे देणे आपणा सर्वांच्या नावे मांडलेले आहे, ते त्यांनी आपल्या परीने फेडावयास घेतले आहे. राज्याने कायदा करावा, चौकशी करावी, न्याय द्यावा, आणि त्यात कुचराई केली तर त्याला जाब विचारावा. परंतु राज्याचे कर्तव्य पुरे होण्याची वाट पाहत आपले ऋण तटवून ठेवण्याची मुभा कोणत्याही धर्माने गृहस्थाला दिलेली नाही. एका कुटुंबाला भाड्याने खोली मिळवून देणे, एका मुलाला शाळेत दाखल करणे, एका अर्जदाराबरोबर सुनावणीच्या दिवशी कचेरीत जाऊन बसणे, ही कामे लहान दिसली तरी ती करणारा मनुष्य त्या राजासारखाच तराजूत उतरलेला असतो. आणि जो समाज अशा माणसांना एकटे पाडतो, त्याच्या नावावर त्यांच्या वाट्याचेही ऋण चढते.